चामड्याच्या सीटमागचा घोडेवाला

पावसाळा तोंडावर आला की नाशिकमधल्या सायकलवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला, चामड्याच्या सीटला तेल लावू का? याचं उत्तर ही सीट आली कुठून त्यातच आहे.

जॉन बोल्टबी ब्रूक्सने १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये धंदा टाकला तो घोड्याच्या चामडी सामानाचा, सायकलचा नाहीच. पुढे म्हणे त्याचा घोडा मेला, सायकलवर बसायची वेळ आली आणि टणक सीटने बेजार होऊन त्याने स्वतःच चामड्याची बनवली, १८८२ ला पेटंट घेतलं. गोष्ट त्याची ब्रूक्स कंपनीच सांगते. पण हात खोगीरवाल्याचा आहे हे सीट उलटी केली की दिसतं. फरक हा की घोड्याच्या खोगिरात भरती असते, इथे भरतीच नाही, जाड चामड्याचा एकच तुकडा ओला करून साच्यावर दाबायचा, वाळला की पुढे नाकाला, म्हणजे सीटच्या टोकाला, आणि मागे धातूच्या पट्टीला रिव्हेट मारायचे, मधे खाली काहीच नाही, झोळीसारखं ताणलेलं. म्हणून तर बसणाऱ्याच्या हाडांचे दोन खळगे पडतात आणि सीट त्याचीच होऊन जाते.

आपल्याकडे १९५० च्या सुमारास असनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, सोनीपतला ॲटलस असे सायकलचे कारखाने उभे राहिले आणि त्या काळ्या सायकलींवर हीच सीट, मागे दोन जाड स्प्रिंगा. नंतर फोम-रेक्झिन आलं, स्वस्त आणि पावसाची चिंता नाही, चामडं मागे पडलं.

माझ्या वडिलांची तसलीच होती, नाशिकरोडला रोज ड्यूटीला जायचे त्यावर, उजवा खळगा जरा जास्त खोल. मी एका जूनमध्ये तिला वरून-खालून खोबरेल चोपडलं आणि गणपतीपर्यंत ती पार लोंबली, वीस-पंचवीस वर्षांचा आकार गेला. अजून वाईट वाटतं. तेल आत मुरतं, चामडं मऊ पडतं, आणि जे निव्वळ ताणावर उभं आहे ते मऊ करून कसं चालेल?

त्यामुळे तेल नाहीच. मेण-चरबीचं घट्ट मलम, तेही पातळ हाताने, पावसाआधी खालच्या बाजूलाही, कारण चाकाचं पाणी तिथेच उडतं. त्र्यंबकरोडला भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको, ओलीवर बसणं तर शक्यतो नकोच. नाकाखालचा ताण देणारा नट, सीट खरंच सैल वाटली तरच आवळा, पाव फेरा, बास.