साखर बंद केली की कर्करोगाची गाठ उपाशी मरते?

नाही. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवलं. पण साखर तोडली तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतंच. खाणंच कमी पडलं तर ती प्रथिनं स्नायूंतून येतात. म्हणजे झिजतो तो रुग्ण.

रेडिओथेरपीत, म्हणजे किरणांच्या उपचारात, ही झीज महागात पडते. डोकं-मानेच्या उपचारात डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बेतलेला मास्क वजन उतरलं की सैल होतो, किरणांचा नेम चुकू शकतो, कधी सगळं नियोजन नव्याने करावं लागतं.

रुग्णाला दिवसाला दर किलो वजनामागे 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 1500 ते 1800 कॅलरी, 60 ते 90 ग्रॅम प्रथिनं. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.) तोंड सोलवटलं असेल तर दर दोन तासांनी थोडं, मऊ, कोमट, आंबट-तिखट नको. गिळणं अगदीच अशक्य झालं तर नळीतून आहार, आणि तो निर्णय वजन ढासळण्याआधी व्हावा. मधुमेहींनी साखर सांभाळायचीच, पण मधुमेहासाठी.