ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचे काडतुसी रूपांतर

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमधील मूळ फिरते चक्र काढून त्याजागी धातूची काडतुसे घेणारे चक्र बसवण्याची कृती. ठासणीच्या प्रकारात चक्राच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू व गोळी ठासतात आणि मागच्या निपलवर (टोपीच्या बारीक पोकळ खुंटीवर) ठिणगी देणारी टोपी बसवतात. एकोणिसाव्या शतकात ही कृती कारखान्यांनी केली. आज ती मुख्यतः अमेरिकेतील हौशी नेमबाज इटालियन बनावटीच्या प्रतिकृतींवर करतात.

रूपांतराची सुरुवात उशिरा का झाली, याबद्दल मतभेद आहेत. चक्राची घरे आरपार असण्याचे, म्हणजे मागून काडतूस भरता येण्याचे, अमेरिकन पेटंट रोलिन व्हाइट याला 3 एप्रिल 1855 रोजी मिळाले. त्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या शस्त्रनिर्मात्यांनी दर शस्त्रामागे 25 सेंट देण्याच्या कराराने घेतला. या पेटंटने कोल्ट कारखान्याचे हात 1869 पर्यंत बांधले, हे जुने व अजूनही प्रचलित मत. व्हाइटने आपली कल्पना आधी कारखान्याचा मालक सॅम्युएल कोल्ट याला दाखवली व कोल्टने ती झिडकारली, ही कथा याच मताला जोडून येते. तिचा आधार क्षीण आहे. दुसऱ्या मतानुसार अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861–65) ठासणीच्या शस्त्रांनाच अमाप मागणी होती आणि मोठ्या व्यासाची काडतुसे तेव्हा पुरेशी भरवशाची नव्हती. रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कारखान्याने 1868 मध्ये स्वामित्वशुल्क भरून रूपांतरे विकली, म्हणजे पेटंटची अडचण पैसे देऊन सुटणारी होती. यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र फ्रान्समध्ये, जिथे व्हाइटचे पेटंट लागू नव्हते, तिथे लफोशोची काडतुसी रिव्हॉल्व्हरे 1858 मध्येच नौदलात आली होती, हेही विसरता येत नाही.

कोल्टमधील थ्यूअरची पद्धत (पेटंट 1868) निमुळते काडतूस पुढून बसवून व्हाइटचे पेटंट टाळत असे. ती फारशी चालली नाही. पेटंटची मुदत संपल्यावर रिचर्ड्स (1871) आणि मेसन (1872) यांच्या सुधारणा आल्या. सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे कोल्टचे मुळातच काडतुसी रिव्हॉल्व्हर 1873 मध्ये आल्यानंतरही उरलेले सुटे भाग वापरून रूपांतरे काही वर्षे होत राहिली.

प्रतिकृतींचे उत्पादन 1950 च्या दशकाअखेरीस व्हॅल फोर्जेट या अमेरिकन व्यापाऱ्याच्या पुढाकाराने इटलीत ब्रेशाजवळील गार्दोने व्हाल त्रोंप्या येथे सुरू झाले. उबेर्ती व पिएता ही आज त्यातली प्रमुख नावे. 1975 पासून उत्पादनवर्ष दोन अक्षरी संकेताने कोरलेले असते.

आजची रूपांतर-चक्रे दोन धाटणीची आहेत. हॉवेल धाटणीत मागचे झाकण सुटे असून प्रत्येक घराला स्वतंत्र आघातपिन असते. कर्स्ट धाटणीत मागचे कडे स्थिर राहते आणि पिन एकच. ‘.44’ म्हणवणाऱ्या प्रतिकृतीच्या नळीचा आतल्या पिळदार खाचांपाशी व्यास प्रत्यक्षात सु. .45 इंच (11.4 मिमी.) असल्याने तिला .45 कोल्ट काडतूस जुळते. ‘.36’ ची नळी सु. .375 इंचाची; .38 स्पेशलची .358 इंची गोळी तीत सैल जाते, म्हणून बुडाशी पोकळ, दाबाने फुगणारी गोळी वापरतात. पितळी चौकटीवर रूपांतर करू नये, आणि पोलादी चौकटीतही काळ्या दारूची किंवा तेवढ्याच कमी दाबाची काडतुसे वापरावीत.

कोल्ट नमुन्यात वरची पट्टी नसते. नळी मधल्या दांड्यावर (आर्बर) पाचरीने धरलेली असते. मूळ शस्त्रांत दांड्याचे टोक नळीखालच्या भोकाच्या तळाला टेकते. उबेर्तीच्या अनेक प्रतिकृतींत दांडा तोकडा पडतो, त्यामुळे पाचर जितकी आत ठोकावी तितकी चक्र व नळी यांतील फट बदलते. जाणकार भोकाच्या तळाशी नेमक्या जाडीची चकती बसवून हा दोष काढतात. साध्या बारुदी वापरात दांडा न टेकताही चालते, असे मानणारे आहेत; पण काडतुसी रूपांतरात ही दुरुस्ती आधीच करावी. रेमिंग्टनच्या बंद चौकटीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

नळीवरचे आधुनिक छाप घासून काढणे, मुलामा उतरवून जुनाटपणा आणणे, फुटक्या टोप्या घोड्यात अडकू नयेत म्हणून घोड्याचा तोंडवळा घासणे ही कामेही याच छंदात मोडतात.

अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यात ठासणीची प्रतिकृती पुरातन शस्त्र गणली जाते. काडतुसी चक्र बसताच हा दर्जा जातो. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 खाली ठासणीचे रिव्हॉल्व्हरही अग्निशस्त्रच आहे आणि कलम 6 नुसार नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करण्यासही परवाना लागतो.