शेजाऱ्यावर ठरणारं पेशीचं आयुष्य

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची जोडपी आयव्हीएफसाठी, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारासाठी, बेळगाव गाठतात. गर्भाची गुणसूत्र-तपासणी केली असेल, तर एखाद्या रिपोर्टवर ‘मोझेक’ असा शेरा येतो: काही पेशी ठीक, काहींत गुणसूत्रांची संख्या चुकलेली. घरच्यांना धसकाच बसतो. अशा प्रत्येक घराला पेशींच्या आपसातल्या स्पर्धेची ही हकिगत माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

तिची सुरुवात फळमाशीच्या पंखात आहे. १९७५ साली माद्रिदचे गिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल यांनी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, एका जनुकाची एकच प्रत शाबूत असलेल्या पेशी तपासल्या. सगळी माशी अशा पेशींची असली, तर ती सावकाश वाढते, पण जगते. त्याच पेशी निरोगी पेशींच्या शेजारी आल्या की हळूहळू नाहीशा होतात, आणि पंख मात्र नेहमीच्याच मापाचा तयार होतो. दोष तोच, पण जगणं-मरणं शेजाऱ्यावर ठरतं! मक्याची विरळणी करताना कुठलं रोप उपटायचं ते माणूस ठरवतो. इथे बाहेरचं कुणीच नसतं.

२००४ मध्ये आणखी चकित करणारी गोष्ट कळली. ‘मिक’ हे पेशीच्या वाढीला चालना देणारं प्रथिन जास्त असलेल्या पेशी धडधाकट शेजाऱ्यांनाही हटवतात.

सस्तन प्राण्यांच्या गर्भात हे उलगडायला २०१३ उजाडलं. मिगेल तोर्रेस यांच्या माद्रिदच्या गटाला उंदराच्या अगदी सुदृढ गर्भातही पेशीगणिक मिकचं प्रमाण वेगळं दिसलं. कमी मिकवाल्या पेशी मरतात आणि शेजारच्या पेशी त्यांना गिळतात. त्याच वर्षी लंडनमधून ट्रिस्टन रॉड्रिग्ज यांच्या गटानेही अशीच स्पर्धा दाखवली. पुढे २०१८ मध्ये याच गटाने हिशेब मांडला: उंदराच्या गर्भात, शरीर घडवणाऱ्या पेशींपैकी सुमारे ३५ टक्के अशा गळतात.

रिपोर्टशी थेट नातं आहे ते २०१६ च्या केंब्रिजमधल्या प्रयोगाचं. माग्दालेना झेर्निका-गोएत्झ यांच्या गटाने निम्म्या गुणसूत्रं चुकलेल्या (सदोष), निम्म्या निरोगी पेशींचे उंदराचे गर्भ तयार केले. बाळ घडवणाऱ्या भागातल्या सदोष पेशी मेल्या, वारेच्या भागातल्या नुसत्या मंदावल्या, आणि गर्भ नीट वाढू शकले. माणसातही, २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी १८ स्त्रियांच्या गर्भाशयात मोझेक गर्भ सोडले, त्यातून ६ निरोगी बाळं जन्मली.

तपासणीसाठी पेशी काढतात त्या बाहेरच्या थरातून, म्हणजे पुढे वार होणाऱ्या भागातून. त्यामुळे त्या शेऱ्यावरून आतल्या बाळाच्या पेशींचा निकाल लागत नाही. गर्भ टाकून देण्याआधी हे डॉक्टरांशी बसून बोलायला हवं.