लहान पाळीव प्राण्याची माती (कोल्हापूर)

लहान पाळीव प्राण्याची माती : घरात पाळलेला ससा, मांजर, लव्हबर्ड, हॅमस्टर, पांढरा उंदीर किंवा टाकीतला मासा मेल्यावर त्याच्या शवाचे काय करायचे, हे ठरवण्याची आणि ते पार पाडण्याची घरगुती रीत. कोल्हापूरच्या बोलीत ‘माती’ दहनालाही म्हणतात. ‘मातीला जाऊन आलो’ म्हणणारा माणूस बहुधा चितेपासूनच परतलेला असतो. प्राण्याच्या बाबतीत मात्र हा शब्द अक्षरशः खरा ठरतो, कारण त्याला जवळजवळ नेहमी पुरलेच जाते.

हे पुरणे परके वाटत नाही, कारण त्याचे नमुने आजूबाजूला आधीपासून आहेत. दात न आलेले मूल दगावले तर दहन करणाऱ्या घरांतही ते पुरतात. जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या लिंगायत समाजात मृताला बसवून समाधी देतात, आणि मुसलमान घरांत दफनच असते. ज्या शेतकऱ्याने बेंदराला बैलाची शिंगे रंगवली, तो म्हातारा बैल मेल्यावर त्याला बांधालाच पुरतो. ससा किंवा मांजर या ओळीत आपोआप येऊन बसते. सुतक नाही, दहावे नाही. कोणी हळद-कुंकू वाहते, कोणी आवडीचे गाजर शेजारी ठेवते. शास्त्र यावर गप्प असल्याने भटजींना विचारायला कोणी जात नाही, हे बरेच.

दहनाचा विचार शहरी घरांत अधूनमधून निघतो. पंचगंगा स्मशानभूमीत माणसांचे दहन महापालिका मोफत करते. त्यासाठी शेणी (गोवऱ्या) लागतात, म्हणून होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला द्या, असे आवाहन इथे दरवर्षी होते आणि लोक देतातही. लोकांनी दिलेल्या या शेणी ससा-मांजरासाठी मागणे प्रशस्त नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान जनावरांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली, पण एका सशासाठी कोल्हापूरहून तिथवर जाणे कोणाच्याही हिशेबात बसत नाही. शिवाय राख उरते ती किती? शरीराच्या वजनाच्या साधारण तीन-चार टक्के. दोन किलोच्या सशाची साठ-ऐंशी ग्रॅम, तर लव्हबर्डची चहाचा चमचाही भरणार नाही एवढी. गच्चीवर रॉकेल ओतून जाळण्याचा प्रकार तर करूच नये. शव अर्धवट जळते आणि ते दृश्य पोराच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

खरा पेच जागेचा असतो. पेठांतल्या जुन्या घरांना मागे परडे होते. आडाशेजारी, जास्वंदीखाली, कोपऱ्यात, एकाच परड्यात तीन पिढ्यांची मांजरे असत. परड्यावर अपार्टमेंट उभी राहिली आणि माती पार्किंगच्या फरशीखाली गेली. आता कोणाचा तरी मळा शोधावा लागतो, म्हणजे मामाचा, दूधवाल्याचा, नाहीतर ऑफिसातल्या मित्राचा. ‘दादा, तुमच्या बांधाला एक खड्डा काढू का?’ असे विचारायला माणूस संकोचतो, पण नकार क्वचितच मिळतो, कारण ज्याच्याकडे जमीन आहे त्याने स्वतः असले खड्डे काढलेले असतात. न विचारता रात्री बागेत किंवा रंकाळा तलावाच्या काठाला पुरणारेही आहेत. तिथे खड्डा उथळ होतो आणि सकाळी कुत्री तो उकरतात. कोणीच नसेल तर पक्षी, मासा, हॅमस्टर यांना मोठी कुंडी पुरते. तळाला चार बोटे माती, मध्ये शव, वर किमान वीतभर माती आणि त्यात मोगरा. सशाला कुंडी पुरत नाही. मग महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवून शव गाडीकडे देणे हा मार्ग उरतो. तो कोरडा आहे, पण लाजिरवाणा नाही. लाजिरवाणे आहे ते पिशवीत बांधून कोंडाळ्यात टाकणे.

नदीत सोडायचे नाही. पंचगंगेच्या प्रदूषणावर एवढी ओरड झाली की गणेशमूर्तीसुद्धा आता मोठ्या संख्येने इराणी खण या जुन्या दगडखाणीत विसर्जित होतात, आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत माणसांची रक्षाही नदीत न सोडता शेतात पसरून त्यावर झाड लावतात. जे माणसाने स्वतःसाठी सोडले ते मांजरासाठी धरून ठेवण्यात अर्थ नाही.

नदी नको म्हटले तरी नदी विचारात घ्यावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा सखल भागात किंवा नदीकाठच्या मळईत पुरायचे असेल, तर पूररेषेच्या वरची जागा शोधावी. पुराचे पाणी ताजी, भुसभुशीत माती आधी उचलते. विहीर आणि बोअरपासूनही लांब राहावे.

खड्डा लहान प्राण्याला दोन फूट आणि मांजराएवढ्याला तीन फूट खोल असावा. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यांतून वास वर येतो, तेव्हा तिथे आणखी वीतभर खाली जावे. मुरमाड जागी टिकाव लागतो, खोऱ्याने काम होत नाही. शव सुती कापडात गुंडाळावे. जुनी ओढणी किंवा उशीचा अभ्रा चालतो, प्लास्टिकची पिशवी किंवा नायलॉनची साडी नको, नाहीतर आतले मातीत मिसळत नाही, नुसते सडत राहते. मीठ घालण्याची चाल समाधीच्या रीतीतून आलेली आहे. मूठभर घातले तर बिघडत नाही, पण पाटीभर मिठाने वरचे झाड जळते. चुन्याने शव लवकर विरघळते हा समज उलटा आहे : चुना वास दाबतो, पण कुजणे लांबवतो. माती पायाने दाबून वर जड दगड ठेवावा. तो आठवणीसाठी असतो हे खरे, पण आधी कुत्र्यांसाठी असतो.

त्याआधी प्राणी खरोखर मेला आहे का ते पाहावे. हॅमस्टर थंडीत गारठून निपचित पडतो आणि श्वास कळेनासा होतो. कोल्हापूरच्या थंडीत हे दुर्मीळ, पण एसीच्या खोलीतला पिंजरा असेल तर ऊब देऊन थांबावे. मेल्यावर काही तासांत शव ताठते, म्हणून पाय आधीच पोटाशी घ्यावेत. एप्रिल-मेमध्ये त्याच दिवशी पुरावे. गावाहून कोणी यायचे असेल तर शव डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. घरातली बाई त्याला कबूल होईल की नाही, हा वेगळा प्रश्न. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्रास संपवला असेल तर खड्ड्याची खोली कमी करू नये. त्यातली बार्बिट्युरेट गटातली औषधे शवात टिकतात आणि उकरून खाणारे कुत्रे किंवा घार त्याने मरू शकते.

एकाच ढाबळीतली किंवा खुराड्यातली बरीच पाखरे एकदम मेली तर हात न लावता आधी पशुसंवर्धन खात्याला कळवावे. आपल्याकडचा हिरवा पोपट आणि चांदण्यांच्या पाठीचे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते पाळणेच गुन्हा असल्याने घरे ती मेल्यावर गुपचूप पुरतात. खरे तर वनखात्याला कळवायला हवे.

मुलाला जवळ ठेवायचे का? घरात बहुधा बाप खड्डा काढतो आणि आई मुलाला आत नेते. इथे मुलाला आत न नेलेले बरे. ‘देवाघरी गेला’ एवढेच ऐकलेले पोर पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून वाट पाहते. स्वतः मूठभर माती टाकलेले पोर वाट पाहत नाही. आजी जवळ असेल तर तीच सांगते, ‘टाक बाळा, हातानं टाक.’ चिमणीएवढ्या पाखराची हाडे कोल्हापूरच्या पावसात फार टिकत नाहीत. चार-पाच वर्षांनी तो दगड कोणीतरी उचलून कपडे धुवायला मोरीजवळ नेलेला असतो.