इंग्लंडमध्ये घरावर तिरंगा लावायला परवानगी लागते का? आणि झेंड्याआडून कोणी त्रास दिला तर?

2025 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ठिकठिकाणी दिव्यांच्या खांबांवर युनियन जॅक आणि सेंट जॉर्जचा लाल क्रॉस (म्हणजे इंग्लंडचा झेंडा) झळकू लागला. काही ठिकाणी तर रस्त्यातल्या छोट्या गोल बेटांवरही लाल पट्टे रंगवले गेले. तेव्हा इथल्या मराठी घरांत दोन प्रश्न निघाले. आपण तिरंगा लावला तर चालेल का? आणि हे आपल्याला घाबरवण्यासाठी असेल, तर पोलीस काही करतील का? कापड आणि काठी हा काउन्सिलचा विषय. झेंडा घेऊन कोण कसं वागलं, हा पोलिसांचा. (खालची माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे.)

तिरंगा, भगवा आणि अर्ज

गंमत म्हणजे इथल्या कायद्यात झेंडा ही 'जाहिरात' धरली जाते. 2007 च्या जाहिरात नियमांनुसार कोणत्याही देशाच्या राष्ट्रध्वजाला काउन्सिलची संमती लागत नाही. त्यामुळे तिरंगा 15 ऑगस्टलाच नव्हे, वर्षभर लावता येतो. तो फाटका-मळका नको, पडून कुणाला इजा होऊ नये आणि रस्त्याची पाटी किंवा सिग्नल त्याने झाकला जाऊ नये, एवढं पाहायचं.

खरी अट जागेच्या मालकाच्या परवानगीची. भाड्याचं घर असेल तर घरमालकाकडून दोन ओळींचा ईमेल घेऊन ठेवा. रस्त्यावरचा खांब तुमचा नाही, तिथे रस्ते विभागाची परवानगी हवी, मग झेंडा कुठल्याही देशाचा असो. लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) इमारतीच्या भिंतीला भोक पाडण्याआधीही विचारा.

भगव्याचं मात्र वेगळं आहे. नियमांतल्या संमती न लागणाऱ्या झेंड्यांच्या यादीत परदेशातल्या प्रशासकीय विभागांचे झेंडेही येतात, पण महाराष्ट्राला अधिकृत राज्यध्वजच नाही. त्यामुळे भगवा कायमचा फडकवायचा असेल तर आधी काउन्सिलच्या प्लॅनिंग विभागाला लेखी विचारलेलं बरं.

संमती लागणार असं उत्तर आलं, तर प्लॅनिंग पोर्टल या संकेतस्थळावर जाहिरात संमतीचा अर्ज भरायचा. सोबत 1:1250 किंवा 1:2500 मापाचा जागेचा नकाशा, झेंडा नेमका कुठे आणि किती उंचीवर येणार याचं मोजमापासह रेखाचित्र आणि फी. मालकाची परवानगी आहे का, हे फॉर्ममध्येच विचारतात. निर्णय साधारण 8 आठवड्यांत येतो आणि संमती सहसा 5 वर्षांसाठी असते. नकार आला तर 8 आठवड्यांत अपील करता येतं. संमती लागत असताना ती न घेता लावलं, तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

पोलिसांकडे कधी जायचं

नुसता झेंडा लावणं हा गुन्हा नाही, तो पाहून तुम्हाला कितीही अस्वस्थ वाटलं तरी. 1998 च्या क्राइम अँड डिसऑर्डर अॅक्टमध्ये वंशद्वेषाचा गुन्हा ठरायला आधी मूळ गुन्हा लागतो: मारहाण, तोडफोड, धमकी-शिवीगाळ किंवा छळ. त्या वेळी, किंवा लगेच आधी-नंतर, वंशाबद्दलचं वैर दिसलं किंवा गुन्ह्यामागे तेच कारण होतं, तर शिक्षा वाढते. साध्या मारहाणीला 6 महिन्यांची कमाल कैद. वंशद्वेषाची जोड असेल तर 2 वर्षं.

वंश म्हणजे फक्त रंग नव्हे. अपंगांच्या स्कूटरवरून चाललेल्या एका माणसाने तीन स्पॅनिश तरुणींना 'परदेशी' म्हणून शिवी दिली आणि आपल्या देशात परत जा म्हणून सुनावलं. 2007 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) ठरवलं की 'परदेशी' हाही या कायद्यापुरता वांशिक गट होतो. 'गो बॅक' ऐकलेल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

अभिव्यक्तीची बाजूही तितकीच पक्की आहे. भारतात राष्ट्रध्वजाचा अपमान केल्यास 1971 च्या कायद्याने 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटनमध्ये तसा कायदाच नाही. एका आंदोलक महिलेने अमेरिकी हवाई तळाबाहेर अमेरिकेच्या झेंड्यावर घोषणा लिहून तो पायाखाली घेतला होता. तिची शिक्षा 2001 मध्ये हायकोर्टाने रद्द केली. उलट श्रॉपशायरमध्ये एकाने फ्लॅटच्या खिडकीत जळते ट्विन टॉवर्स आणि 'इस्लामला ब्रिटनबाहेर काढा' अशा अर्थाचं पोस्टर लावलं. त्याची शिक्षा कायम राहिली, स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही 2004 मध्ये त्याचं म्हणणं ऐकलं नाही.

तक्रार

धोका समोर असेल तर 999, एरवी पोलिसांचा 101 किंवा द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची तक्रार घेणारं ट्रू व्हिजन हे संकेतस्थळ. व्हिसा कुठला, नागरिकत्व आहे का, यावर तक्रारीचा हक्क अवलंबून नाही. नाव न देताही कळवता येतं, मात्र मग तपास पुढे जाणं कठीण होतं. साक्षीदार असाल तरी कळवा.

कागदांपेक्षा पुरावा महत्त्वाचा. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, इंग्रजीतच, त्याच दिवशी लिहून काढा. 'वाईट बोलला' एवढ्याने काम होत नाही. तारीख, वेळ, फोटो, साक्षीदारांचे नंबर जोडा. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लगेच उतरवून घ्या, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. क्राइम रेफरन्स नंबर (पोलिसांकडचा तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. जबाब मराठीत द्यायचा असेल तर दुभाषी मागता येतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी तो जरूर मागा.

उशीर मात्र नको. धमकी-शिवीगाळीच्या सर्वांत सौम्य कलमाचा खटला घटनेपासून 6 महिन्यांत दाखल व्हावा लागतो, आणि वंशद्वेषाची जोड असली तरी ही मुदत वाढत नाही. आरोप ठेवायचाच नाही असा निर्णय झाला, तर 'व्हिक्टिम्स राइट टू रिव्ह्यू' योजनेखाली फेरविचार मागता येतो. निर्णयाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात अर्ज करा.