शर्टावर शर्ट: ऊब कापडाची की फटीची?

टी-शर्टवर घालायच्या शर्टांच्या जाहिरातींत हल्ली ‘उष्णता निर्माण करणारं कापड’ हे शब्द सर्रास दिसतात. लोकर बाष्प शोषताना थोडी उष्णता सोडते, एवढंच त्यात तथ्य. आणि तेही तिची शोषून घ्यायची क्षमता संपेपर्यंत. एरवी उष्णता तयार करतं ते आपलं शरीर. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. शर्ट ती फक्त अडवतो, आणि त्यातलंही बरंचसं काम कापड करतच नाही.

कपड्यांची ऊब मोजण्यासाठी १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचवलं गेलं. २१ अंश सेल्सिअस तापमानाच्या, वारा जवळपास नसलेल्या खोलीत निवांत बसलेल्या माणसाला पुरतील तेवढे कपडे म्हणजे १ क्लो. तक्त्यांमध्ये टी-शर्टला ०.०८, लांब बाह्यांच्या साध्या शर्टाला ०.२५ आणि फ्लॅनेलच्या शर्टाला ०.३४ क्लो दिलेले असतात. आता गंमत बघा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सुती कापडाचा स्वतःचा उष्णतारोध जेमतेम ०.०५ क्लो भरतो. शर्ट तर अर्धंच अंग झाकतो. मग उरलेली ऊब आली कुठून? कपड्यांच्या मधल्या हवेतून.

स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते; पाण्यातून जाते त्याच्या सुमारे चोविसाव्या हिश्शाने. त्यामुळे टी-शर्ट आणि शर्ट यांच्यात एकच मिलिमीटर फट राहिली तरी ती सुमारे ०.२ क्लोची, म्हणजे त्या कापडाच्या चौपट. फट दहापट केली तर रोधही दहापट व्हायला हवा, नाही का? होत नाही, चौपटीच्या आसपासच अडतो. कारण उष्णतेला दुसरी वाट आहे: अवरक्त किरणांची. तापमानात एका अंशाचा फरक असेल तर एक मिलिमीटर हवेतून दर चौरस मीटरला वहनाने सुमारे २६ वॅट जातात, दहा मिलिमीटरमधून फक्त २.६. किरणांनी जाणारे पाच-सहा वॅट मात्र फट कितीही असो, तेवढेच राहतात. दोन्ही वाटा समांतर असल्याने आकड्यांची बेरीज करायची आणि रोध काढताना ती व्यस्त घ्यायची, म्हणजे एकाला त्या बेरजेने भागायचं. पाच मिलिमीटरच्या सुमारास दोन्ही वाटा बरोबरीला येतात. त्यापुढे किरणांचं पारडं जड.

फट एखाद्या सेंटिमीटरच्या वर गेली की तिसरीच भानगड सुरू होते. अंगाजवळची गरम हवा हलकी होऊन वर चढते, बाहेरच्या बाजूची गार हवा खाली उतरते. अभिसरण सुरू झालं की हवा स्थिर कुठे राहिली? म्हणून फार ढगळ शर्ट हवा तितका उबदार वाटत नाही. शिवाय खरी फट सगळीकडे सारखी नसते. खांद्यावर शर्ट टी-शर्टला टेकलेला असतो, तिथे ती जवळपास शून्यच.

चालताना बाह्या आणि घेर भात्यासारखे हलतात आणि जमवलेली ऊब बाहेर फेकली जाते. गळ्यापर्यंत बटणं लावून धपकन खुर्चीत बसा. कॉलरमधून निघालेली गरम झुळूक हनुवटीला लागेल.

हीच गळती उन्हात कामी येते. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन, म्हणजे तिथले भटके अरब, काळे झगे का घालतात, यावर १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटा लेख आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला, पण त्वचेपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. जास्तीची उष्णता मधल्या वाहत्या हवेने वाटेतच उचलली होती. रंगांच्या ‘ऊर्जे’वर प्रवचनं देणाऱ्यांना हा निकाल पचायचा नाही. मात्र अंगाला चिकटून बसणाऱ्या काळ्या शर्टाकडून ही अपेक्षा ठेवू नका. तिथे हवा वाहायला जागाच नसते आणि तापलेलं कापड थेट त्वचेला टेकतं.