गाणं सुरू होण्याआधीच वूफर का हलतो?

सोलापुरात मे महिन्यात माळ्यावर हात लावावा तिथे चटका बसतो. तिथेच काकांचा जुना टर्नटेबल कित्येक उन्हाळे पडून होता. खाली काढला तेव्हा कार्ट्रिजमधलं, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीतलं, रबर कडक होऊन गेलं होतं. मी हौसेनं नवी, नाजूक, महागडी कार्ट्रिज आणून बसवली. तबकडीवर सुई टेकवली आणि गाणं सुरू होण्याआधीच वूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा, पडदा भात्यासारखा आत-बाहेर हलू लागला.

"पिन खराब निघाली बघ," काका म्हणाले. पण पिन चांगली होती. कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याशी, म्हणजे टोनआर्मशी, तिची जोडी जमली नव्हती.

सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते आणि ती दांडी रबरात रोवलेली असते. हे रबर म्हणजे स्प्रिंग, आणि टोनआर्म त्या स्प्रिंगवर तोललेलं वजन. अशा जोडीला स्वतःची एक लय असते. वजन जास्त किंवा स्प्रिंग मऊ, तर लय संथ. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे वाकलेल्या तबकडीचा उंचवटा दर फेऱ्याला, साधारण पावणेदोन सेकंदांनी सुईखाली येतो. लहान उंचवटे सेकंदाला पाच-सहा वेळाही येतात. ऐकू येणारा आवाज साधारण २० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला २० कंपनांपासून, सुरू होतो. जोडीची लय या दोन्हींच्या मधे, ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसायला हवी. खाली गेली, तर तबकडीचा वाकडेपणाच आर्मला झोके देतो.

इथे आर्मचं वजनकाट्यावरचं वजन कामाचं नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याला विचारा, शेंड्याजवळचं थोडंसं वजनही बुडाशी असलेल्या वजनापेक्षा किती जास्त जाणवतं. आर्मचंही तसंच. आर्म जिच्यावर फिरतो त्या खुंटीपासूनचं अंतर दुप्पट झालं, की त्याच वजनाचा परिणाम चौपट. म्हणून हेडशेलचा, म्हणजे कार्ट्रिज बसते त्या टोकाचा, एकेक ग्रॅम महत्त्वाचा, आणि मागचं जाडजूड वजन त्या मानानं कमी.

हिशेब सोपा आहे. आर्मचं परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातल्या लवचिकतेच्या (रबर किती मऊ त्याच्या) आकड्यानं गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्यानं भागा. काकांचा आर्म जड, सुमारे २५ ग्रॅमचा. नवी कार्ट्रिज ७ ग्रॅम, स्क्रू १ ग्रॅम, लवचिकता २०. उत्तर येतं ६.२ हर्ट्झ. वूफर हलणारच!

अशा आर्मला कडक, म्हणजे कमी लवचिकतेची, कार्ट्रिज लागते. डेनॉनची डीएल-१०३ साडेआठ ग्रॅमची, तिची लवचिकता ५ दिलेली असते. मात्र जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झला मोजतात. आपल्या हिशेबासाठी तो दीडपट ते दुप्पट धरायचा. दुप्पट धरला तर उत्तर साडेआठ हर्ट्झच्या आसपास येतं. तिचा आवाज मात्र फार क्षीण, जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, त्यामुळे अॅम्प्लिफायरला मूव्हिंग कॉइलची, म्हणजे अशा क्षीण कार्ट्रिजचा आवाज वाढवण्याची, सोय हवी.

आर्मच बदलायचा मोह मला आवरावा लागला. त्यासाठी खुंटी आणि तबकडीचा मधला खिळा यांतलं अंतर नव्या आर्मच्या मापाशी अचूक जुळावं लागतं आणि जुन्या पाटावर नवं भोक पाडावं लागतं.

आता काकांच्या आर्मवर कडक कार्ट्रिज आहे. अडीच ग्रॅमचा दाब त्यांनी सुईचा दाब मोजायच्या छोट्या वजनकाट्यावर स्वतः दोनदा मोजून घेतला.